एलिझाबेथ कॉटन यांची उलटी गिटार

नमस्कार मंडळी! आधी या तारांकडे बघा. उजव्या हाताने वाजवणाऱ्यांची ही साधी गिटार. जाड तारा वर, बारीक खाली. आता तारा न बदलता ती उलटी धरली. जाड तारा खाली आल्या. अमेरिकेतल्या डावखुऱ्या लोकसंगीत गायिका आणि गिटारवादक एलिझाबेथ कॉटन गिटार अशीच धरायच्या. तर्जनीने खर्जाचा ठेका, अंगठ्याने गाण्याची चाल. इतरांच्या हातात ही कामं नेमकी उलट असतात. म्हणून कॉटन यांचा ठेका हलका वाजतो आणि चाल ठसठशीत उठते. या पद्धतीला ‘कॉटन पिकिंग’ हेच नाव पडलं.

जन्म नॉर्थ कॅरोलायनातल्या चॅपल हिलजवळ. लोकांकडे घरकाम करून पैसे साठवले, त्यातून पहिली गिटार घेतली. ‘फ्रेट ट्रेन’ हे गाणं लहान वयातच रचलं. पुढे लग्न, लेक, चर्च. गिटार सुटली ती कित्येक वर्षं.

वॉशिंग्टनमध्ये एका दुकानात काम करताना त्यांनी हरवलेल्या पेगी सीगर या लहान मुलीला तिच्या आईकडे पोचवलं. त्या ओळखीतून त्या सीगरांकडे घरकामाला लागल्या. घर संगीतकारांचं, गिटार हाताशी. बोटं पुन्हा चालू लागली. पेगीचा भाऊ माइक सीगर याने केलेलं ध्वनिमुद्रण 1958 मध्ये फोकवेज या रेकॉर्ड कंपनीने काढलं, तेव्हा बाईंनी साठी ओलांडली होती. त्याआधीच, 1957 मध्ये ‘फ्रेट ट्रेन’ ब्रिटनमध्ये गाजलं होतं, तेही गीतकार म्हणून भलत्यांचीच नावं लावून! श्रेय मिळायला झगडावं लागलं, हे फार लागतं मनाला.

आता वाजवून बघू. आपण उजव्या हाताने, म्हणजे ठेका अंगठ्याकडे. तारा बारीककडून मोजायच्या, सगळ्यात जाड ती सहावी. ‘सी’ कॉर्डला (कॉर्ड म्हणजे एकत्र वाजणारे सूर) पाचवी तार, चौथी, पाचवी, चौथी. ‘जी’ला सहावी, चौथी, सहावी, चौथी. चाल सुरू केली की हमखास अंगठा थबकतो, कारण तो बोटांच्या मागे जायला बघतो. म्हणून आधी नुसता ठेका धरा आणि त्यावर कुणाशी तरी गप्पा मारा. बोलताना अंगठा अडखळला नाही, की मग चालीचा एकच सूर घाला, तोही पहिल्या मात्रेवर, अंगठ्याच्या बरोबरीने. दोन मात्रांच्या मधले सूर सगळ्यात शेवटी. मेट्रोनोम, म्हणजे लय मोजणारं यंत्र, 60 वर (मिनिटाला 60 ठोके) ठेवा. कॉर्ड बदलताना ठेका तुटला तर वेग अजून उतरवा.

1984 मध्ये त्यांना नॅशनल हेरिटेज फेलोशिप हा अमेरिकेतला लोककलावंतांचा सन्मान मिळाला, पाठोपाठ ‘एलिझाबेथ कॉटन लाइव्ह!’ या अल्बमला ग्रॅमी. 1987 मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूजला त्यांचं निधन झालं. त्यांच्या मैफलींची चित्रफीत मिळाली तर आधी आवाज बंद करून उजवी तर्जनी नव्हे, फक्त डावी तर्जनी बघा. ठेका तिथेच आहे.