ग्रेलिस्टिंग करा, पण सरसकट नको

आवाज मागे येतोय ना? बरं. नगर रोडवाले अजून ट्रॅफिकमध्ये असणार, ते येईपर्यंत सोपं सोपं बोलतो. तुम्ही सगळे मेल सर्व्हर सांभाळणारी मंडळी, त्यामुळे एसएमटीपी, म्हणजे मेल पाठवायची भाषा, शिकवत बसत नाही. ग्रेलिस्टिंग म्हणजे, अनोळखी सर्व्हर आला की त्याला ४५० किंवा ४५१, म्हणजे तात्पुरत्या नकाराचा कोड, द्यायचा, खरा असेल तर तो मेल रांगेत ठेवून परत येतो, स्पॅमवाला बहुतेक वेळा फिरकत नाही. सरकारी ऑफिसात ‘साहेब जेवायला गेलेत, नंतर या’ म्हणतात ना, तसंच, फक्त इथे नंतर गेल्यावर काम होतं. (हशा)

२००३ मध्ये इव्हान हॅरिसनं हे मांडलं. सर्व्हरचा आयपी पत्ता, पाठवणारा, घेणारा, हे त्रिकूट लक्षात ठेवायचं, पहिल्यांदा तासभर थांबवायचं, मग ३६ दिवस विचारायचं नाही. ३६ का, तर महिन्यातून एकदाच येणारा मेल पुन्हा अडकू नये म्हणून. माणसानं किती बारीक विचार केलाय बघा! पण तो तास मात्र नडतो.

चाकणला एक पार्ट बनवणारी कंपनी आहे, नाव घेत नाही, त्यांचा चहा प्यायलेले लोक इथे बसलेत. त्यांच्या आधीच्या व्हेंडरनं पोस्टग्रे हा ग्रेलिस्टिंगचा प्रोग्रॅम बसवला आणि डिले, जो मुळात ३०० सेकंद असतो, तो ३६०० केला. का, तर ‘सेफ्टीसाठी’. अहो कसली सेफ्टी? तेवढ्या वेळात स्पॅमवाल्याचा आयपी ब्लॅकलिस्टमध्ये येतो म्हणतात, ठीके, पण मग ब्लॅकलिस्ट तपासा तरी, ती यांनी लावलेलीच नव्हती! तर एकदा ग्राहकाकडून ड्रॉइंगची नवी रिव्हिजन सकाळी निघाली, दुपार झाली तरी पत्ता नाही, परचेसवाल्यांचे फोनवर फोन, ‘सर्व्हर परत झोपला का हो?’, आणि कारखान्यात शॉपवर जुन्याच ड्रॉइंगवर जॉब चालू. लॉग उघडला तर ओळीमागून ओळ, ‘ॲक्शन=ग्रेलिस्ट, रीझन=न्यू’. दर वेळी न्यू! पाठवणारा तोच, घेणारा तोच, आयपी मात्र दर वेळी वेगळा, कारण ग्राहकाचा मेल मोठ्या क्लाउडवर आणि तिथे परत पाठवताना कुठलाही सर्व्हर पुढे येतो. पोस्टग्रे आयपीचा शेवटचा आकडा सोडून देतो खरा, पण हे आयपी पार वेगळ्याच रेंजमधले. व्हेंडर म्हणतो, ‘सर, आरएफसीप्रमाणे आहे.’ आरएफसी, म्हणजे इंटरनेटची नियमावली, तर चार-पाच दिवस प्रयत्न करत राहा असंही सांगते, तेवढे दिवस शॉप बंद ठेवायचं का? ओटीपीचं तर विचारूच नका.

काय? पाचच मिनिटं? अरे, मुद्दा तर आत्ता येतोय. बरं, पळवतो.

तुमचा मेल सर्व्हर पोस्टफिक्स असेल तर आधी त्याचा दारावरचा पहारेकरी, पोस्टस्क्रीन, लावा, २.८ व्हर्जनपासून त्यातच येतो. ग्रीटिंगची अर्धी ओळ देऊन सहा सेकंद गप्प बसतो, घाईचे बॉट मध्येच बोलायला लागतात आणि सापडतात, खऱ्या मेलला उशीर फक्त त्या सेकंदांचा. त्याच्या डीप प्रोटोकॉल टेस्ट, म्हणजे ग्रीटिंगनंतरच्या तपासण्या, मुळात बंद असतात, बंदच राहू द्या, कारण त्या पास झाल्या तरी समोरच्याला ४५० मिळतो, म्हणजे मागच्या दारानं ग्रेलिस्टिंगच.

पुढे आरस्पॅमडी, हा स्पॅम फिल्टर. तो आधी अख्खा मेल बघून संशयाचे मार्क देतो, आणि डीफॉल्टला ४ च्या पुढे गेले तरच ग्रेलिस्ट, तेही पाच मिनिटं. संशय येईल त्यालाच थांबवा, माझं म्हणणं एवढंच आहे. नोंदी रेडिस नावाच्या डेटाबेसमध्ये असतात, दोन एमएक्स, म्हणजे मेल घेणारे सर्व्हर, असतील तर दोघांना एकच रेडिस द्या, नाहीतर इकडून परत गेलेला तिकडे पुन्हा नवाच. मशिनला आरस्पॅमडी झेपत नसेल तर पोस्टग्रे चालेल, पण ३०० वरच ठेवा आणि व्हाइटलिस्ट, म्हणजे न अडवता सोडायच्यांची यादी, ताजी ठेवा.

ओपनबीएसडी ही ऑपरेटिंग सिस्टिम वापरणारे हात वर करतायत, हो हो, तुमचा ग्रेलिस्टिंगवाला स्पॅमडी, २५ मिनिटं थांबवणारा. मेल सर्व्हरपर्यंत येऊच देत नाही, मस्तच आहे, पण क्लाउडवाल्यांचं दुखणं तिथेही तेच. त्यांच्या एसपीएफमधल्या, म्हणजे मेल पाठवायची परवानगी असलेल्या सर्व्हरच्या जाहीर यादीतल्या, रेंज काढून व्हाइटलिस्टला टाका, ‘एसएमटीपीसीटीएल एसपीएफ वॉक’ नावाची कमांडच आहे त्यासाठी, आणि ती क्रॉनमध्ये, ठरल्या वेळी आपोआप चालेल अशी, लावा, रेंज बदलत असतात.