‘पुट ऑफ’ : आधी कर्म पाहा

‘पुट ऑफ’ म्हणजे काय, असं विचारलं की वर्गातून एकच उत्तर येतं : पुढे ढकलणे. ते चूक नाही, पण अर्धंच आहे. ‘द स्मेल पुट मी ऑफ’ या वाक्यात काहीच पुढे ढकललेलं नाही. वासानं माझी इच्छाच गेली.

म्हणून आधी कर्म पाहा. कर्म म्हणजे बैठक, निर्णय किंवा एखादं काम असेल, तर ते लांबणीवर पडलं. कर्माच्या जागी माणूस असेल, तर बहुतेक वेळा त्याचं मन उडालं, लक्ष विचलित झालं किंवा त्याला टोलवलं. यातलं नेमकं कोणतं, ते प्रसंगावरून ठरतं. ‘द नॉइज पुट हर ऑफ’ हेच वाक्य घ्या. ती नेम धरून उभी असेल, तर आवाजानं तिचं लक्ष गेलं. ती घर बघायला आली असेल, तर आवाजामुळे ते घर तिच्या मनातून उतरलं. ‘ही पुट देम ऑफ विथ एक्सक्यूजेस’मध्ये मात्र सबबी सांगून सरळ टोलवाटोलवी आहे.

आता शब्दांची जागा. नाम असेल तर ‘पुट ऑफ द मीटिंग’ आणि ‘पुट द मीटिंग ऑफ’ दोन्ही चालतं. सर्वनाम मात्र मध्येच हवं : ‘पुट इट ऑफ’. ‘पुट ऑफ इट’ ही चूक फार ऐकू येते. कर्म लांबलचक असेल तर ते शेवटी ठेवा, नाहीतर ऐकणारा ‘ऑफ’ची वाट पाहत राहतो.

पुढे क्रियापद आलं तर त्याला ‘आयएनजी’ लावायचं : ‘आय पुट ऑफ कॉलिंग हिम’. इथे ‘टू कॉल’ चालत नाही. कोणत्या दिवसापर्यंत ढकललं ते सांगायला ‘अंटिल मंडे’, किती काळ ते सांगायला ‘फॉर अ वीक’. आणि ‘कॉल ऑफ’शी गल्लत करू नका; ते रद्द करणं आहे. परीक्षा ‘पुट ऑफ’ झाली असेल, तर अभ्यास चालू ठेवावा लागतो.

कपड्यांच्या बाबतीत ‘पुट ऑन’च्या उलट ‘टेक ऑफ’ म्हणतात, ‘पुट ऑफ’ नव्हे.

काळ ओळखताना जरा जपून. तिन्ही रूपं ‘पुट’च आहेत. ‘ही पुट इट ऑफ’ हा भूतकाळ, कारण वर्तमानकाळात ‘पुट्स’ झालं असतं. ‘दे पुट इट ऑफ’मध्ये ही खूण मिळत नाही; तिथे ‘यस्टरडे’सारखा कालवाचक शब्द किंवा आजूबाजूची वाक्यंच काळ सांगतात.

बोलताना ‘पुट इट ऑफ’मधला जोर ‘ऑफ’वर द्या. ‘पुट’वर जोर देऊन ‘ऑफ’ गिळलं, तर ऐकणाऱ्याला नुसतं ‘पुट इट’ ऐकू येतं, म्हणजे काहीतरी कुठेतरी ठेवल्यासारखं.