ममत्वभाव किंवा आकस न बाळगता

[दृश्य : हर्णै बंदर, संध्याकाळ. होड्यांतून मासळी उतरते आहे.]

हर्णैला संध्याकाळी मासळी उतरते आणि वाळूवरच लिलाव लागतो. सुरमई, पापलेट, कोळंबी. टोपलीभोवती माणसं जमतात, बोली चढत जाते. सगळा व्यवहार तोंडच्या शब्दावर.

आमदाराचं कामही तोंडच्या शब्दानेच सुरू होतं. मतमोजणी झाली, प्रमाणपत्र हातात पडलं, गुलाल उधळला, तरी त्याला अजून सभागृहात बसता येत नाही. संविधानाचं कलम १८८ सांगतं : आधी राज्यपालांसमोर किंवा त्यांनी नेमलेल्या व्यक्तीसमोर शपथ घ्या. त्याआधी आत बसलात किंवा मत दिलंत, तर कलम १९३ प्रमाणे दिवसाला ५०० रुपये दंड. १९५० सालचे ते ५०० रुपये आजही ५००च आहेत.

आणि ही त्याची पहिली शपथ नव्हेच. उमेदवारी अर्ज भरल्यावर, छाननीच्या आदल्या दिवसापर्यंत, एक शपथ झालेली असते. उमेदवार तुरुंगात असला तर तुरुंग अधीक्षकासमोर, पण ती चुकत नाही.

[दृश्य : आरवली, वेतोबाचं देऊळ. पहाट.]

कोकणात शपथ म्हटली की ग्रामदेवता आठवते. बांधाचा वाद असो की भावकीतला, "देवळात येऊन सांग" म्हटल्यावर भल्याभल्यांची जीभ अडखळते. संविधानाने ही श्रद्धा ओळखली आहे : "ईश्वरसाक्ष शपथ घेतो" असं म्हणता येतं. ज्याला देव साक्षीला नको, त्याने "गांभीर्यपूर्वक दृढकथन करतो" म्हणावं. दोन्हींचं वजन सारखं. तिसरी वाट मात्र नाही. केरळमध्ये एका आमदाराने श्री नारायण गुरूंच्या नावाने शपथ घेतली, तेव्हा उच्च न्यायालयाने ती ग्राह्य धरली नाही. म्हणजे आपल्या वेतोबाचं किंवा रवळनाथाचं नाव घेऊनही चालणार नाही. मला हे योग्य वाटतं. आमदार एका गावच्या देवाचा मानकरी म्हणून तिथे गेलेला नसतो.

[दृश्य : मंडणगड तालुका, आंबडव्याकडे जाणारा रस्ता.]

हे आंबडवे. मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचं मूळ गाव. हर्णै आणि आंबडवे आज एकाच, दापोली विधानसभा मतदारसंघात आहेत.

मंत्र्याला दोन शपथा घ्याव्या लागतात, पदाची आणि गोपनीयतेची. पदाच्या शपथेत एक वाक्य येतं : कोणाच्याही विषयी "ममत्वभाव किंवा आकस न बाळगता" सर्वांना संविधान आणि कायद्यानुसार न्याय्य वागणूक देईन. टीव्हीवर हे शब्द इतक्या भरभर जातात की ऐकू येतात न येतात. ते नीट ऐकायचे तर महाडला जावं.

[दृश्य : महाड, चवदार तळं. पाण्यावर ऊन.]

चवदार तळं सर्वांना खुलं, असा ठराव महाडच्या नगरपालिकेने १९२४ सालीच केला होता. कागद होता, शिक्का होता. तरी अस्पृश्य मानलेल्या माणसांना पाण्याला हात लावता येत नव्हता. २० मार्च १९२७ला बाबासाहेब पायऱ्या उतरले, ओंजळभर पाणी प्याले, आणि त्याच दिवशी त्यांच्या माणसांवर हल्ला झाला. ठराव कितीही चांगला असो, तो राबवणाऱ्यांच्या मनात आकस असला की काय होतं, ते या पाण्याने पाहिलं आहे.

[दृश्य : ग्रामपंचायत कार्यालय. बाहेर पाखाडी म्हणजे दगडी पायवाट, खाली वाड्या.]

एक गोष्ट मला सलते. शपथांचे नमुने संविधानाच्या तिसऱ्या अनुसूचीत आहेत : मंत्री, खासदार, आमदार, न्यायाधीश, महालेखापरीक्षक. सरपंच त्यात नाही. १९९२च्या ७३व्या घटनादुरुस्तीने पंचायतींना संविधानात जागा दिली, पण या अनुसूचीत त्यांची भर पडली नाही. आणि नळाचं पाणी आधी कुठल्या वाडीला, पाखाडी बौद्धवाडीपर्यंत न्यायची की भंडारवाडीशी थांबवायची, पावसाळ्याआधी ओढ्यावरचा कुठला साकव, म्हणजे छोटा पूल, दुरुस्त करायचा, हे सारं या खोलीत ठरतं. "ममत्वभाव किंवा आकस न बाळगता" हे शब्द सरपंचाच्या खुर्चीत बसणाऱ्यानेही, सगळ्या वाड्यांसमोर, मोठ्याने म्हणायला हवेत.