तळघरातला कागद

नमस्कार, श्रोतेहो. 7 मे 2025 ला देशभर भोंगे वाजवून मॉक ड्रिल झालं. आपल्याकडे मुंबई, उरण, तारापूर ही मुख्य ठिकाणं होती. तेव्हापासून लोक विचारतात, अणुबॉम्ब पडला तर काय करायचं? आणि उत्तरही तेच देतात, "करायचं काय, सगळेच जाणार!" मला हे पटत नाही. का, ते ऐका.

हिरोशिमात मोतोयासू पुलाजवळ इंधनाच्या रेशनिंगचं ऑफिस होतं. तीन मजली, पक्कं काँक्रीटचं. 6 ऑगस्ट 1945, सोमवार. आठ वाजून गेलेले, माणसं कामाला लागलेली. एइझो नोमुरा नावाचे 47 वर्षांचे कर्मचारी एक कागद आणायला तळघरात उतरले. आणि सव्वाआठला बॉम्ब फुटला, साधारण 600 मीटर उंचावर. त्याच्या बरोबर खालच्या जागेपासून हे ऑफिस किती लांब? फक्त 170 मीटर! नोमुरा अंधारात चाचपडत जिना शोधून वर आले, तर बाहेर सगळं काळंकुट्ट. त्या दिवशी ऑफिसात 37 जण होते. काही जण बाहेर पडलेही, पण पुढे जगले एकटे नोमुरा. ताप आला, हिरड्यांतून रक्त आलं, तरी 1982 पर्यंत जगले, 84 वर्षांचे होईतो. ती इमारत अजून उभी आहे. तळघरही जपलंय.

आता म्हणाल, हे नशीब. 170 मीटरवर नशीबच. पण काही किलोमीटरवर तळघरावरचा तोच स्लॅब आणि भोवतालची माती हजारोंना वाचवू शकते. आपल्या सोसायट्यांच्या तळघरांत मात्र मोडके सोफे आणि मंडपाचे बांबू! चेअरमनसाहेब, ऐकताय ना?

तर लक्षात ठेवा. उजेड दिसला की खिडकीकडे धावायचं नाही. उजेड आधी येतो, धक्का मागून, आणि काचा त्या धक्क्याने फुटतात. पक्क्या इमारतीत शिरा, खाली किंवा मधोमध बसा, आणि निदान 24 तास आतच राहा. स्फोटानंतर वरून पडणाऱ्या किरणोत्सारी धुळीचा जोर तासाभराने जेवढा असतो, त्याच्या तो सात तासांत एक दशांशावर येतो, दोन दिवसांत एक शतांशावर. म्हणून पुन्हा सांगतो, आतच राहा. बाहेरून आलात तर वरचे कपडे दारातच उतरवा, केस साबणाने धुवा. कंडिशनर नको, त्याने धूळ केसांना चिकटून राहते.

पाणी-औषधांचं तुम्हाला सांगायला नको. पण सेलवर चालणारा रेडिओ हवाच. मोबाइलचा टॉवर गेला तर सूचना येणार कुठून? आणि सेल वेगळे आणून ठेवा, टीव्हीच्या रिमोटमधले काढायचे नाहीत.