हातचा येईपर्यंत

पडद्यावर नऊ वेळा १ लिहिलाय: १११११११११. या संख्येचा वर्ग करू. उत्तर सतरा अंकी येतं: १२३४५६७८९८७६५४३२१. एकापासून नवापर्यंत चढतं, तिथून परत एकापर्यंत उतरतं. उलटं वाचलं तरी तेच.

असं का होतं, ते कॅल्क्युलेटर सांगत नाही. शाळेतला उभा गुणाकार कागदावर मांडला की लगेच दिसतं. प्रत्येक ओळीत तेच नऊ एक, फक्त दर ओळीला एक घर डावीकडे सरकलेले. आता रकान्यांची बेरीज करा. उजवीकडच्या पहिल्या रकान्यात एकच १, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन. मधोमध नऊ, आणि पुढे पुन्हा एकेक कमी. एकाही रकान्याची बेरीज दहाला पोचत नाही, म्हणून हातचा कुठेच येत नाही. या संख्येचं खरं सौंदर्य मला इथे वाटतं, तिच्या दोन्हीकडून सारख्या दिसण्यात तेवढं नाही.

नऊ ओळींत नऊ-नऊ, म्हणजे एकूण ८१ एक मांडले गेले. हातचा नसल्यामुळे ते सगळे उत्तरात शिल्लक आहेत. उत्तरातले अंक मिळवून पाहा, बेरीज ८१ येते. शिवाय ८१ नं या संख्येला पूर्ण भाग जातो: १५२४१५७८९९७१०४१.

आपल्याच अंकांच्या बेरजेनं भाग जाणाऱ्या अशा संख्यांना ‘हर्षद’ हे नाव दिलं दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांनी. जन्म १९०५, डहाणू. नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तर. विद्यापीठातली खुर्ची नाही, पण आकड्यांचा ध्यास आयुष्यभराचा. १, १२१, १२३२१ ही मालिका त्यांनी बारकाईनं अभ्यासली आणि तिला, त्यांनीच ‘डेम्लो’ हे नाव दिलेल्या संख्यांमध्ये बसवलं. डेम्लो म्हणजे आजची डोंबिवली, तेव्हाच्या जी. आय. पी. (ग्रेट इंडियन पेनिन्शुला) रेल्वेवरचं स्टेशन. या संख्यांचा विचार त्यांना तिथे सुचला.

आता दहा वेळा १ घेऊ. मधल्या रकान्यात पहिल्यांदाच दहा येतात. शून्य मांडलं, हातचा एक. तो शेजारच्या नवात मिळवला तर तिथेही दहा, पुन्हा हातचा. त्याच्या पलीकडच्या आठाचे नऊ झाले. उत्तर: १२३४५६७९००९८७६५४३२१. चढताना सातानंतर एकदम नऊ.

हा आठ आणखी एके ठिकाणी हरवतो. १ ला ८१ नं भागा: ०.०१२३४५६७९०१२३४५६७९... कितीही पुढे जा, आठ सापडत नाही. कारण एक-नवमांश म्हणजे ०.१११..., न संपणारे एक, आणि एक छेद ८१ हा त्याचाच वर्ग. इथे रकाने दहा, अकरा, बारा असे वाढतच जातात आणि हातचे डावीकडे सरकत राहतात.

नवाची ही मर्यादा आपल्या दशमान पद्धतीची आहे. संगणकाच्या कामात वापरतात ती सोळाची पद्धत घेतली, तर हातचा सोळाला येतो. तिथे पंधरा वेळा १ लिहून वर्ग केला तरी एकही पायरी गळत नाही.