रायफलची नळी: डायलवर शून्य आले म्हणजे बोअर सरळ आहे का?

नमस्कार. वरळीच्या रेंजवर ५० मीटर रायफल नेमबाजी करणाऱ्यांना, आणि मुंबईच्या टूलरूममध्ये लेथवर आयुष्य घालवलेल्यांनाही, एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. नळी दोन सेंटर्समध्ये, म्हणजे लेथच्या टोकदार आधारांमध्ये, धरून फिरवली आणि बाहेरून टेकवलेल्या डायल गेजचा काटा हलला नाही, तर तेवढ्यावरून बोअर, म्हणजे नळीतले आरपार भोक, सरळ आहे असे म्हणता येत नाही. रनआऊट (फिरताना काटा किती हलतो ते) आणि सरळपणा ही दोन वेगळी मापे आहेत.

कारण नळीच्या जन्मातच आहे. गन ड्रिल हे लांब, पोकळ आणि एकाच धारेचे हत्यार असते. त्याच्या पोटातून जास्त दाबाने तेल टोकापर्यंत जाते आणि अंगावरच्या खाचेतून चुरा घेऊन परत येते. बहुतेक वेळा ड्रिल स्थिर ठेवून पोलादाची कांब फिरवतात, कारण त्यामुळे भोक आसापासून कमी भरकटते; दोन्ही उलट दिशांनी फिरवली तर आणखी कमी. तरीही ते थोडे भरकटतेच. त्यानंतर येणारा, भोक नेमक्या मापाला आणणारा रीमर आधीच्या भोकाचाच माग धरतो, म्हणजे तो व्यास आणि पृष्ठभाग सुधारतो, वाट सुधारत नाही. रायफलिंगचेही, म्हणजे गोळीला फिरकी देणारे चर आत पाडण्याचेही, तसेच.

आता पुढची पायरी नीट लक्षात घ्या. बोअरच्या दोन टोकांवर सेंटर्स लावून नळीचे बाहेरचे अंग लेथवर टर्न केले जाते, म्हणजे कातले जाते. साहजिकच हे अंग त्या दोन सेंटर्सना जोडणाऱ्या सरळ रेषेभोवती तयार होते. त्याच सेंटर्सवर नळी पुन्हा फिरवली, तर डायल टोकापासून टोकापर्यंत शून्य दाखवणारच, कारण आपण लेथचेच काम पुन्हा तपासत आहोत. आतला बोअर मात्र मध्यावर एका बाजूला झुकलेला असू शकतो आणि तेथे भिंत एकीकडे जाड, दुसरीकडे पातळ असते. भिंतीच्या जाडीतला फरक पाहायचा असेल तर अल्ट्रासोनिक जाडीमापकाने एकाच आडव्या छेदावर चार बाजूंनी मापे घेतली पाहिजेत. हवेच्या दाबाने भोक मापणाऱ्या एअर गेजवर विसंबू नका. ते उत्तम साधन आहे, पण ते व्यासाची एकसमानता सांगते, बाकाविषयी काही सांगत नाही.

आणखी एक गोंधळ आकड्यांचा होतो. केंद्र ०.०५ मिमीने सरकलेले असेल तर पूर्ण फेरीत काटा ०.१० मिमी फिरतो. पुरवठादार आकडा देतो तेव्हा तो सरकलेल्या केंद्राचा आहे की काट्याच्या एकूण फिरण्याचा, हे विचारलेच पाहिजे.

मग बाक किती महत्त्वाचा? ६५० मिमी लांबीच्या नळीत मध्यावर ०.१ मिमीचा एकसारखा बाक धरा. भूमितीने तोंडाशी बोअरची दिशा इतकी बदलते की ५० मीटरवर गोळी सुमारे ३० मिमी बाजूला पडते. या लक्ष्यावर दहाच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिमी असतो, म्हणून हा आकडा भयंकर वाटतो. पण ही चूक प्रत्येक गोळीला सारखीच असल्याने साइट फिरवून ती पूर्ण भरून निघते. माझ्या मते किंचित वाकलेल्या बोअरची भीती गरजेपेक्षा जास्त बाळगली जाते आणि असमान भिंतीची फार कमी.

असमान भिंत धोकादायक, कारण तिची चूक बदलत राहते. पातळ बाजू लवकर तापते, जास्त लांबते आणि नळीचे तोंड जाड बाजूकडे वळते. पोलाद दर अंश सेल्सियसला मीटरमागे सुमारे १२ मायक्रॉन वाढते. २० मिमी व्यासाच्या त्याच नळीच्या दोन बाजूंत पूर्ण लांबीभर फक्त १ अंशाचा फरक टिकला, तर हिशेबाने ५० मीटरवर मारा सुमारे २० मिमी सरकतो. दशांश गुणांकनात दर ०.८ मिमीला ०.१ गुण जातो, म्हणजे हे अडीच गुण झाले. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेने याच ५० मीटर प्रकारात ४५१.४ गुणांनी कांस्यपदक मिळवले. त्या पातळीवर दशांशाची किंमत वेगळी सांगायला नको. ५० मीटर प्रकारातल्या लहान, पॉइंट टू-टूच्या (.२२ इंची) गोळीने नळी फारशी तापत नाही आणि उष्णता पोलादात लवकर पसरते, म्हणून प्रत्यक्ष परिणाम बराच कमी राहतो. मोठ्या काडतुसाच्या, ३०० मीटरच्या रायफलमध्ये मात्र तो लपत नाही.

बाक पाहण्याची जुनी रीत आजही उपयोगी आहे. रायफलपासून सुटी केलेली, रिकामी नळी उजेडाकडे धरायची, समोर एक सरळ आडवी कड ठेवायची आणि बोअरच्या भिंतीवर पडणाऱ्या छायेची धार पाहत नळी सावकाश फिरवायची. सरळ बोअरमध्ये धार सर्व स्थितींत सरळ राहते, वाकलेल्यात ती एका ठिकाणी मोडते. सवयीच्या डोळ्याला फार लहान दोषही यात दिसतो.

हे काम परवानाधारक गनस्मिथकडेच करून घ्या. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार सुटे भागही शस्त्रांच्या व्याख्येत येतात. नळी रायफलवर बसवताना त्याला बाकाची दिशा उभ्या रेषेत, वर किंवा खाली ठेवायला सांगा, म्हणजे साइटची आडवी हालचाल जवळपास पूर्णच वाऱ्याच्या दुरुस्तीसाठी शिल्लक राहते.