आधी शिक्का, मग धारवाड

श्रोतेहो, नमस्कार.

खानापूर असो, निपाणी असो की बेळगावातली एखादी गल्ली, घरातलं कर्तं माणूस गेलं की दिवस-कार्य आटोपल्यावर पहिला विषय निघतो तो वारसा लावायचा. उताऱ्यावर नाव चढवायचं. मग खेपा सुरू होतात. चार-सहा महिने गेले की माणूस वैतागतो आणि म्हणतो, "आता कोर्टातच जातो."

कोर्टात जरूर जा. पण निघण्याआधी हातात काय आहे ते बघा. यावर मला एक गोष्ट सांगायची आहे. ती मी सांगायचं कधी सोडत नाही, कारण त्यात चूक माझी होती.

धारवाडला हायकोर्टाचं कामकाज सुरू झालं जुलै २००८ मध्ये. त्याआधी असल्या कामाला रात्रीच्या गाडीनं बेंगळूर गाठावं लागायचं. कोर्ट दोन तासांवर आलं याचा आम्हा वकिलांना फार आनंद झाला होता आणि त्या आनंदात आम्ही घाईही करत होतो. दोनेक वर्षांनी खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यातल्या आक्का माझ्याकडे आल्या. नवरा जाऊन दीड वर्ष झालेलं. एक एकर चार गुंठे भातजमीन, उतारा अजून नवऱ्याच्याच नावावर, त्यामुळे सोसायटीचं पीककर्ज अडलेलं. सगळे कागद कुंद्याच्या रिकाम्या खोक्यात, वरून रबर लावलेलं.

"नऊ खेपा घातल्या की हो वकीलसाहेब," आक्का म्हणाल्या. "एकदा म्हणतात साहेब नाहीत, एकदा म्हणतात सर्व्हर नाही, एकदा म्हणतात सोमवारी या."

मला राग आला. त्या रागातच मी धारवाडला रिट याचिका दाखल केली. राज्यघटनेच्या कलम २२६ खाली परमादेश मागितला. परमादेश म्हणजे, जे काम करणं कायद्यानं कचेरीवर बंधनकारक आहे ते कर, असा कोर्टाचा हुकूम. सुनावणीला आक्का पहाटेची पहिली गाडी पकडून आल्या, खोकं मांडीवर धरून मागच्या बाकावर बसल्या.

न्यायमूर्तींनी फाईल दोनदा उलटली. "अर्ज कुठे आहे?"

मी म्हणालो, "त्या नऊ वेळा कचेरीत गेल्या आहेत."

"ते मी वाचलं. अर्ज कुठे आहे?"

मी वळून आक्कांकडे बघितलं. आक्कांनी खोकं उघडलं. मृत्यूचा दाखला होता, रेशन कार्ड होतं, जुना उतारा होता, सोसायटीची पावती होती. अर्ज नव्हता. नऊ खेपांत त्यांनी लेखी असं काही दिलंच नव्हतं. कचेरीत कुणी मागितलं नव्हतं, आणि रिट लिहिण्याआधी मीही विचारलं नव्हतं. पुन्हा येण्याची मुभा ठेवून आम्ही याचिका मागे घेतली.

परतीच्या गाडीत कित्तूर मागे पडेपर्यंत आक्का गप्प होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे मी गेलेच नव्हते म्हणायचं?"

मी म्हणालो, "कागदावर, आक्का, गेलाच नव्हता."

दुसऱ्या दिवशी अर्ज लिहिला. एकाच पानावर, वर मराठी, खाली कन्नड. कन्नड मजकूर शेजारच्या मुलीनं लिहून दिला. इथं एक सांगतो. गाऱ्हाण्याचा अर्ज राज्यात किंवा देशात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत देण्याचा हक्क राज्यघटनेच्या कलम ३५० नं प्रत्येकाला दिलेला आहे. तुमचा मराठी अर्ज कचेरी नाकारू शकत नाही. पण तो वाचणाऱ्याला पटकन कळावा म्हणून खाली कन्नड जोडा. आणि माझं स्पष्ट मत विचाराल, तर आपल्या मुलांची मराठी शाळा टिकलीच पाहिजे, आणि त्याच घरात कन्नड सफाईनं लिहिणारं एक तरी माणूस असलंच पाहिजे. माझ्या अनुभवात या दोन गोष्टी एकमेकींच्या आड कधी आल्या नाहीत.

तर आक्का अर्ज घेऊन गेल्या. मीही सोबत होतो. कारकून म्हणाला, "ठेवून जा." आक्का हलल्या नाहीत. "पोच द्या," म्हणाल्या. कर्नाटक भू-महसूल कायद्याच्या कलम १२८ मध्येच लिहिलंय की वारशाची वर्दी तोंडी असो वा लेखी, अधिकाऱ्यानं तिची लेखी पोच ताबडतोब द्यायची. बऱ्याच वेळानं शिक्का बाहेर आला. जांभळा, गोल, आणि तारखेचा आकडा अर्धाच उमटलेला. आक्कांनी कागद परत पुढे सरकवला आणि तारखेवर बोट ठेवलं. कारकुनानं पेननं तारीख लिहिली, खाली सही केली. तो कागद खोक्यात सगळ्यात वर गेला.

दोन महिने काही नाही. स्मरणपत्र दिलं, त्यावरही शिक्का घेतला. मग प्रांतसाहेबांना पत्र, त्याचीही पोच. तिथूनही उत्तर नाही. आता आम्ही पुन्हा धारवाडला गेलो. या खेपेला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. हुकूम झाला: या अर्जावर आठ आठवड्यांत निर्णय द्या.

नीट ऐका. "नाव लावा" असा हुकूम झाला नाही. "निर्णय द्या" असा झाला. बहुतेक वेळा कोर्ट कचेरीचं मौन मोडून देतं, कचेरीच्या जागी बसून उतारा लिहीत नाही.

निर्णय आला, आणि तो नकार होता. दाखल्यावर आडनाव एक, उताऱ्यावर कन्नडात लिहिताना त्याचं झालेलं रूप दुसरं. सीमाभागातल्या किती घरांत हा घोळ आहे ते तुम्हीच आठवून बघा. आक्कांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला मात्र हायसं वाटलं. दीड-दोन वर्षांत पहिल्यांदा कारण लिहिलेला, सही असलेला कागद हातात आला होता, आणि त्याच्यावर अपील करता येत होतं. त्याच भू-महसूल कायद्याचं कलम १३६, प्रांतसाहेबांकडे. वंशावळ, प्रतिज्ञापत्र, गावातल्या दोघांच्या साक्षी, दोन्ही आडनावं एकाच माणसाची असल्याचे जुने कागद. पाच महिन्यांनी उताऱ्यावर आक्कांचं नाव आलं.

आता कायद्याचं थोडक्यात. वरच्या अधिकाऱ्याकडे दाद मागण्याची सोय असेल तर ती आधी वापरा, असं कोर्ट म्हणतं. तो कोर्टानं स्वतःला घालून घेतलेला नियम आहे. त्यामुळे कोर्टाचं दार कायमचं बंद होत नाही. १९९८ च्या व्हर्लपूल खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं अपवाद सांगितले: मूलभूत हक्काचा प्रश्न असेल, तुमचं म्हणणं न ऐकता निर्णय झाला असेल, अधिकारच नसलेल्या माणसानं हुकूम काढला असेल, किंवा कायद्यालाच आव्हान असेल, तर थेट येता येतं. आणि आधी मागणी करा, ती नाकारली गेली तर परमादेश मागा, हे १९७४ च्या सरस्वती इंडस्ट्रियल सिंडिकेटच्या निकालात स्वच्छ म्हटलंय. तो खटला साखर कारखान्यांचा होता, म्हणून आपल्या चिक्कोडी-अथणीकडच्या ऊसवाल्यांना तो लक्षात ठेवायला सोपा जावा. आधी लेखी मागणी, मग नकार किंवा मौन, मग कोर्ट.

आज आक्कांच्या वेळेपेक्षा सोयी जास्त आहेत. २०१२ पासून सरकारी सेवा ठरलेल्या मुदतीत देण्याची कर्नाटकाची सकाल योजना आहे. तिच्यातल्या सेवेसाठी अर्ज केला की नंबर मिळतो. तो नंबर घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. मुदत टळली तर वरच्या अधिकाऱ्याकडे अपील, आणि उशिराच्या दर दिवसाला २० रुपये, जास्तीत जास्त ५०० रुपये भरपाईची तरतूद. पैसे किरकोळ आहेत, पण उशीर कुणाच्या टेबलावर झाला ते त्यातून नोंदलं जातं. सकालमध्ये न बसणारं काम असेल तर माहितीचा अधिकार आहे. १० रुपये फी, कर्नाटकात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा. "माझ्या अमुक तारखेच्या अर्जावर काय कार्यवाही झाली?" एवढंच विचारा. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील.

आणि कागद लॅमिनेट करू नका! कळकळीनं सांगतोय. लोक जुने दाखले प्लॅस्टिकमध्ये घालून आणतात, मग त्यावर ना शिक्का बसतो ना सही, आणि सोलायला गेलं की शाई निघून येते. साधी पिशवी पुरते. अर्जाच्या दोन प्रती, एक त्यांना, एक शिक्क्यासह तुम्हाला. पोस्टानं पाठवलात तर पावती त्याच प्रतीला टाचून ठेवा.

मागच्या वर्षी आक्का पुन्हा आल्या होत्या, शेजारणीला घेऊन. शेजारणीच्या मुलाच्या नावाचा वारसा अडला होता. तिनं पिशवीतून अर्ज काढून माझ्यासमोर ठेवला. जांभळा शिक्का, आणि तारीख पेननं पुन्हा लिहून घेतलेली. "धारवाडला जायचं काय आता?" तिनं विचारलं.

मी दिवस मोजायला लागलो, तोवर आक्काच म्हणाल्या, "अठ्ठावीसच झालेत. आधी स्मरणपत्र."

नमस्कार.